शीटमधून आपोआप मेसेज: एका ओळीचा एकच मेसेज जावा यासाठी केलेली खटपट

आम्ही काही जण मिळून दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो. पुस्तकाची प्रकरणं वाटून घ्यायची, ज्याने त्याने आपलं प्रकरण मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, मग दुसऱ्या कोणीतरी ते ऐकून तपासायचं आणि शेवटी सगळं जोडायचं, असं काम. हिशोब सगळा एका गूगल शीटमध्ये, प्रकरण, वाचणारा, तपासणारा, तारीख, स्थिती एवढेच कॉलम. माणसं 23. आणि आठवण करून द्यायचं काम माझ्याकडे, म्हणजे रोज रात्री शीट उघडायचं, फिल्टर लावायचा, कोणाची तारीख जवळ आलीय बघायचं आणि एकेकाला मेसेज टाइप करायचा. वर्षभर केलं हे. मग मी आठवडाभर आजारी पडले आणि त्या आठवड्यात एक प्रकरण रेकॉर्ड होऊन नुसतं पडून राहिलं, कारण तपासणाऱ्याला ते आलंय हेच कोणी कळवलं नाही. पुस्तकाची वाट बघणारा वाचक होता पलीकडे. तेव्हा ठरवलं की हे काम माझ्या तब्येतीवर अवलंबून ठेवायचं नाही.

पहिला विचार अर्थातच व्हॉट्सअ‍ॅपचा, कारण सगळे तिथेच. तिथला सोपा रस्ता म्हणजे शीटमध्येच फॉर्म्युल्याने लिंक तयार करायची, डब्ल्यूए डॉट एमई, पुढे नंबर आणि पुढे मेसेजचा मजकूर. नंबर देशाच्या कोडसकट पाहिजे, अधिकचं चिन्ह नको, सुरुवातीचं शून्य नको, मध्ये स्पेस नको. मजकूर एन्कोडयूआरएल या फंक्शनमधून काढावा लागतो, नाहीतर स्पेस, नवी ओळ किंवा अँडचं चिन्ह आलं की लिंक तिथेच तुटते. हे छान चालतं, पण लिंक दाबायची मीच आणि सेंडचं बटणही मीच, म्हणजे टायपिंग वाचलं, रात्रीची बैठक नाही वाचली. पूर्ण आपोआप हवं तर त्यांचा अधिकृत बिझनेस एपीआय, म्हणजे प्रोग्राममधून थेट मेसेज पाठवायची सोय आहे, पण समोरच्याने गेल्या 24 तासात आपल्याला काही लिहिलं नसेल तर आधी मंजूर करून घेतलेल्या टेम्प्लेटमधूनच मेसेज पाठवता येतो. नियम मला पटतो, कोणीही उठून कोणालाही मेसेजचा मारा करू नये म्हणून आहे तो. आमच्या छोट्या कामाला मात्र तो व्याप जास्त होता. आणि ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शन टाकून व्हॉट्सअ‍ॅप वेबला बटणं दाबायला लावायची जी पद्धत लोक वापरतात ती मी मुद्दाम टाळली, ते त्यांच्या अटींच्या विरुद्ध आहे आणि नंबर बंद होऊ शकतो. माझा रोजचा नंबर त्यात घालवायची माझी तयारी नव्हती.

म्हणून टेलिग्राम. तिथे बॉट, म्हणजे प्रोग्रामने चालणारं खातं बनवायला बॉटफादर नावाचाच बॉट आहे, त्याला न्यूबॉट ही कमांड द्यायची, नाव सांगायचं, युजरनेमच्या शेवटी बॉट हा शब्द यावा लागतो, आणि तो आपल्याला टोकन देतो. आधी आकडे, मग कोलन, मग अक्षरांची लांबलचक माळ. हे टोकन ज्याच्या हातात त्याच्या हातात अख्खा बॉट. आणि मी काय केलं तर सोयीचं म्हणून ते शीटच्याच एका सेलमध्ये पेस्ट केलं, जे शीट 23 जणांना शेअर केलेलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं तसं बॉटफादरकडे रिव्होक करून नवीन टोकन घेतलं, जुनं त्या क्षणी बाद होतं. शीटसाठी छोटे प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, लिहायची गूगलची अ‍ॅप्स स्क्रिप्ट नावाची सोय आहे, तिच्या स्क्रिप्ट प्रॉपर्टीज या सेटिंगमध्ये नवीन टोकन ठेवलं आणि वाटलं आता सुरक्षित झालं. पण तेही अर्धवटच, कारण शीटच्या एक्स्टेन्शन मेनूतून उघडलेली स्क्रिप्ट त्या शीटला बांधलेली असते आणि शीट एडिट करणारा कोणीही ती उघडून आतलं सगळं बघू शकतो. शेवटी स्क्रिप्ट वेगळी, स्वतंत्र प्रोजेक्ट म्हणून बनवली जी शीटला आयडीवरून उघडते. शीट सगळ्यांचं, स्क्रिप्ट फक्त माझी. ज्यांना हे करायचंय त्यांनी पहिल्या दिवसापासूनच असं करा, माझं सगळं हलवायला नंतर एक अख्खी संध्याकाळ गेली.

पुढचा प्रश्न, कोणाला पाठवायचं ते बॉटला कसं कळणार. टेलिग्रामचा बॉट फोन नंबरवर मेसेज पाठवत नाही, त्याला चॅट आयडी, म्हणजे त्या माणसाच्या चॅटचा आकडा लागतो, आणि बॉट आपणहून कोणाशी बोलणं सुरू करू शकत नाही, आधी त्या माणसाने स्टार्ट दाबलं पाहिजे. मी रविवारी सगळ्यांना सांगितलं की बॉट उघडा, स्टार्ट दाबा आणि आपलं नाव लिहा. सगळ्यांनी केलं बिचाऱ्यांनी. मी मंगळवारी निवांत बसून बॉटकडे आलेले मेसेज दाखवणारी गेटअपडेट्स ही लिंक उघडली तर यादी रिकामी. आलेले मेसेज तिथे 24 तासच राहतात हे मी वाचलंच नव्हतं. परत सगळ्यांना सांगायची फार लाज वाटत होती, म्हणून दुसऱ्यांदा नीट अभ्यास करून केलं. बॉटच्या लिंकला पुढे स्टार्ट नावाचं पॅरामीटर जोडता येतं, 64 अक्षरांपर्यंत, त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, डॅश आणि अंडरस्कोअर चालतात. मी शीटमध्ये प्रत्येक माणसाला एक कोड दिला आणि प्रत्येकाची वेगळी लिंक तयार केली. त्याने लिंक उघडून स्टार्ट दाबलं की बॉटकडे स्टार्ट आणि पुढे तो कोड असा मेसेज येतो, स्क्रिप्ट कोड ओळखते आणि त्या माणसाच्या ओळीत चॅट आयडी लिहून टाकते. कोणाला नाव टाइप करायला नको, मला जुळवत बसायला नको. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त समाधान देणारा भाग हाच आहे खरं तर.

मेसेज पाठवणं हे मात्र इतकं सोपं निघालं की मी दोनदा तपासलं. यूआरएलफेचअ‍ॅप नावाची सोय अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये असतेच, तिला टोकनसकट पत्ता द्यायचा, सेंडमेसेज म्हणायचं, चॅट आयडी आणि मजकूर द्यायचा, संपलं. पाचसहा ओळी. माझ्याच फोनवर "ही चाचणी आहे" असा मेसेज टिणकन आला तेव्हा मी खुर्चीतून उठले.

मग मी ऑनएडिट फंक्शन लिहिलं, म्हणजे स्थितीच्या कॉलममध्ये कोणी "रेकॉर्ड झालं" निवडलं की तपासणाऱ्याला लगेच मेसेज. हाताने रन केलं की चालायचं, शीटमध्ये बदल केला की काहीच नाही. अर्धा दिवस मी कोडमध्ये चूक शोधत होते आणि चूक कोडमध्ये नव्हतीच. स्क्रिप्ट आपोआप सुरू करणाऱ्या कळीला ट्रिगर म्हणतात. ऑनएडिट हे नुसतं नाव देऊन जे चालतं तो सिंपल ट्रिगर, आणि परवानगी लागणारं काहीही त्याला करता येत नाही, बाहेरच्या सर्व्हरशी बोलणं तर नाहीच. त्यासाठी इन्स्टॉलेबल ट्रिगर लावावा लागतो, मग परवानगीची खिडकी येते, हे अ‍ॅप व्हेरिफाय केलेलं नाही असा इशाराही येतो. अ‍ॅप आपणच लिहिलेलं आहे म्हणून आपण पुढे जायचं. दुसऱ्याने दिलेल्या स्क्रिप्टसाठी तोच इशारा आला तर मी थांबून कोड वाचेन.

इन्स्टॉलेबल ट्रिगरने काम सुरू झालं आणि चारच दिवसात मला कळलं की लगेच मेसेज जाणं हीच अडचण आहे. ड्रॉपडाउनमधून कोणीतरी चुकून भलतं नाव निवडतं, दोन सेकंदात दुरुस्त करतं, पण तेवढ्यात त्या भलत्या माणसाला मेसेज गेलेला असतो. शीटमध्ये चूक झाली तर अनडू आहे, समोरच्याच्या फोनवर वाजलेल्या टोनला अनडू नाही. शिवाय 14 ओळी एकदम पेस्ट केल्या तर ट्रिगर एकदाच चालतो आणि माझा कोड फक्त पहिली ओळ बघत होता. फॉर्म्युल्याने किंवा दुसऱ्या स्क्रिप्टने सेल बदलला तर तो चालतच नाही. म्हणून एडिट सोडून मी वेळेवर चालणारा ट्रिगर घेतला, जो ठराविक वेळाने येऊन सगळ्या ओळी बघतो, ज्यांना पाठवायचंय त्यांना पाठवतो आणि समोर "पाठवलं" असं लिहितो.

आणि इथेच ते झालं.

मी ट्रिगर दर मिनिटाला लावला होता. स्क्रिप्ट वरून खाली एकेक ओळ घेऊन मेसेज पाठवायची आणि सगळं झालं की शेवटी एकाच झटक्यात सगळ्या ओळींसमोर "पाठवलं" लिहायची, कारण सेलमध्ये एकेक करून लिहिणं सावकाश होतं असं वाचलं होतं. त्या दिवशी यादीत सातवा माणूस असा होता ज्याने बॉट ब्लॉक केलेला. त्याला पाठवायला गेल्यावर सर्व्हरकडून 403, म्हणजे परवानगी नाही, असं उत्तर आलं, स्क्रिप्ट तिथेच एरर देऊन थांबली, आणि "पाठवलं" लिहायची पायरी आलीच नाही. पुढच्या मिनिटाला स्क्रिप्ट पुन्हा आली, तिच्या दृष्टीने कोणालाच काही गेलेलं नव्हतं, तिने पहिल्या सहा जणांना पुन्हा पाठवलं, सातव्यावर पुन्हा थांबली. परत पुढच्या मिनिटाला तेच. मी बाहेर होते, फोन बॅगेत. बघितलं तोवर 11 मिनिटं झाली होती, सहा जणांना तोच मेसेज 11 वेळा.

आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकू त्या सहांमध्ये होत्या. त्यांचा मला मेसेज होता, "अगं, माझं काही फार चुकलंय का? आज रात्री नक्की पूर्ण करते, रागावू नकोस." मेसेजमध्ये लिहिलेलं होतं फक्त "तुमच्या प्रकरणाची तारीख उद्या आहे". एकदा आला असता तर आठवण होती, 11 वेळा आल्यावर तो दटावल्यासारखा झाला. मी फोन करून सगळं समजावून सांगितलं, त्यांनी समजूनही घेतलं, पण स्वतःचा वेळ देऊन मनापासून वाचणाऱ्या माणसाला माझ्या कोडमुळे असं वाटावं हे मला अजून लागतं. त्या रात्री ट्रिगर काढून टाकला आणि दोन आठवडे परत हाताने मेसेज पाठवले, आणि त्या दोन आठवड्यात स्क्रिप्ट पहिल्यापासून लिहिली. यावेळी प्रश्न मेसेज कसा पाठवायचा हा नव्हताच, गेलेला मेसेज लक्षात कसा ठेवायचा हा होता.

आता असं आहे. ओळ हातात घेतली की आधी तिच्यासमोर "पाठवतोय" लिहायचं आणि फ्लश करायचं, म्हणजे ते खरोखर शीटमध्ये उतरतं. मग मेसेज. मग उत्तर बघून "पाठवलं" आणि वेळ. प्रत्येक ओळीचं त्या त्या वेळी लिहायचं, शेवटी एकदम नाही, सावकाश होतं तर होऊ दे. फेचमध्ये म्यूटएचटीटीपीएक्सेप्शन्स चालू ठेवायचं, म्हणजे 403 आलं तरी स्क्रिप्ट थांबत नाही, त्या ओळीसमोर "ब्लॉक" लिहून पुढे जाते आणि मी त्या माणसाशी स्वतः बोलते. आणि मध्येच काहीही होऊन एखादी ओळ "पाठवतोय" वरच अडकली तर स्क्रिप्ट तिला परत हात लावत नाही. मेसेज गेला असेल किंवा नसेल, ते कोडला सांगता येत नाही, म्हणून ते माणसाने बघायचं. यात एखादा मेसेज राहून जाऊ शकतो हे मला मान्य आहे. आठवणीच्या मेसेजसाठी राहणं परवडतं, दोनदा जाणं नाही, असं मी ठरवलं. कोणाचं काम उलटं असेल, चुकून राहिला तर फार नुकसान होणारं, तर त्यांनी उलटं ठरवावं, पण ठरवावं नक्की, नाहीतर पहिली एरर ते तुमच्यासाठी ठरवते.

त्यासोबत लॉकसर्व्हिस लावलं, म्हणजे आधीची फेरी संपायच्या आत पुढची सुरू झाली तर ती थांबते, दोघी एकच ओळ उचलत नाहीत. आणि ओळीचा नंबर लक्षात ठेवणं सोडलं, कारण स्क्रिप्ट चालू असताना कोणी शीट सॉर्ट केलं तर पाचव्या ओळीचं "पाठवलं" भलत्याच ओळीत जाऊन बसतं, हे माझ्याकडे दोनदा झालं. आता प्रत्येक प्रकरणाला स्वतःचा कोड आहे आणि लिहिताना स्क्रिप्ट आधी तो कोड शोधते. सगळ्यांना सॉर्टऐवजी फिल्टर व्ह्यू वापरायलाही शिकवलं.

टेलिग्राम मेसेज गेल्यावर उत्तरात मेसेज आयडी देतं, तो आधी मी फेकून देत होते. तो ठेवला असता तर त्या दिवशीचे जास्तीचे सगळे मेसेज मी पुसू शकले असते, बॉटला आपला मेसेज 48 तासांच्या आत डिलीट करता येतो. आता त्यासाठी वेगळा कॉलम आहे. तारीख बदलली तर त्याच आयडीवरून जुन्या मेसेजमधला मजकूरही बदलता येतो, फक्त एडिट झालेल्या मेसेजचा टोन वाजत नाही, म्हणून तारीख पुढे गेली तर मी नुसतं एडिट करते आणि अलीकडे आली तर नवीन पाठवते.

दर मिनिटाचा ट्रिगर तर हिशोबातही बसत नव्हता. साध्या गूगल अकाउंटला ट्रिगरने चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी दिवसाला एकूण 90 मिनिटं मिळतात. दिवसाला 1440 फेऱ्या, एक फेरी पाच सेकंदांची धरली तरी 120 मिनिटं होतात. आता दर 10 मिनिटांनी, म्हणजे 144 फेऱ्या, 12 मिनिटं. एका फेरीला सहा मिनिटांची मर्यादा आहे आणि बाहेरच्या पत्त्यांना दिवसाला 20,000 वेळा हाक मारता येते, त्याच्या जवळपासही आम्ही जात नाही. टेलिग्रामकडून अपेक्षा अशी की एका चॅटमध्ये सेकंदाला एकापेक्षा जास्त नको, ग्रुपमध्ये मिनिटाला 20 च्या वर नको. जास्त झालं तर 429 ची एरर येते आणि किती सेकंद थांबायचं तेही सोबत येतं, तेवढं थांबायचं. मी प्रत्येक मेसेजनंतर एक सेकंदाची झोप टाकलीय.

तारखांनी पण दमवलं. शीटमध्ये नीट दिसणारी तारीख मेसेजमध्ये इंग्रजी वार, महिना, वेळ, टाइमझोन अशी लांबलचक यायची, आणि नुसती वेळ लिहिलेला सेल तर 1899 सालची तारीख दाखवायचा, कारण शीटचं मोजणं 30 डिसेंबर 1899 पासून सुरू होतं. गेटव्हॅल्यूजच्या जागी गेटडिस्प्लेव्हॅल्यूज वापरलं की सेलमध्ये जे दिसतं तेच येतं. टाइमझोन शीटचा वेगळा असतो आणि स्क्रिप्टचा वेगळा, माझे दोन्ही जुळत नव्हते आणि काही जणांना मुदत एक दिवस आधीची कळत होती. दोन्ही सेटिंग उघडून एकसारखे करा, पाच मिनिटांचं काम आहे.

मजकुराबद्दल मात्र मला सांगायचंच आहे. सुरुवातीला मी मेसेज सुंदर दिसावा म्हणून ठळक अक्षरं, रंगीत इमोजींच्या ओळी असं सगळं घातलं होतं. ठळक करायला मार्कडाउनची, म्हणजे चिन्हं घालून मजकूर सजवायच्या पद्धतीची, दुसरी आवृत्ती वापरली, त्यात पूर्णविराम, डॅश, कंस या सगळ्यांच्या आधी उलटा स्लॅश लागतो, नाहीतर 400 ची एरर येऊन मेसेज जातच नाही. ते मी निस्तरलं असतं. पण आमच्याकडे तपासणारे काही जण स्वतः दृष्टिहीन आहेत, त्यातल्या एका दादांनी हळूच सांगितलं, "ताई, तुमच्या मेसेजमध्ये तारीख यायच्या आधी स्क्रीन रीडर मला पाच वेळा चमकता तारा ऐकवतो." ज्यांच्यासाठी हे सगळं काम चाललंय त्यांच्याच कानाचा विचार मी केला नव्हता. त्याच दिवशी सगळं काढलं. आता साधा मजकूर, पहिल्या वाक्यात पुस्तक आणि प्रकरण, दुसऱ्यात तारीख, लिंक एकदम शेवटी. रात्रीचे आणि घाई नसलेले मेसेज आवाज बंद ठेवून जातात, त्यासाठी डिसेबल नोटिफिकेशन असं एक पॅरामीटर आहे.

लोक बॉटलाच उत्तरं द्यायला लागले, "झालं", "दोन दिवस द्या", "घसा बसलाय". सुरुवातीला ती उत्तरं कोणीच वाचत नव्हतं, आता स्क्रिप्ट प्रत्येक फेरीत आधी आलेलं सगळं वाचून "उत्तरं" नावाच्या टॅबमध्ये टाकते आणि ते मी रोज बघते. काही बदल करायचा असला की आधी सेटिंगच्या टॅबमध्ये "चाचणी" समोर "हो" लिहिते, मग सगळ्यांचे मेसेज फक्त माझ्याच फोनवर येतात. "नाही" लिहायच्या आधी मी ते सगळे एकदा मोठ्याने वाचते, दादांना कसे ऐकू येतील ते कळावं म्हणून.

परवा एक ओळ "पाठवतोय" वर अडकलेली दिसली, नेमकी काकूंची. फेरी मध्येच बंद पडली होती. मी फोन करून विचारलं, मेसेज आला का, किती वेळा आला. "आला ना, एकदाच आला," म्हणाल्या, "आता ठेव, माझं रेकॉर्डिंग चालू आहे." मी त्या ओळीसमोर हाताने "पाठवलं" लिहिलं.